दोन कड्यांचं दार

जिन्याच्या तळाशी एक दार आहे. सागवानी, दोन फळ्यांचं, उंच माणसाला वाकूनच जावं लागेल असं. त्याला दोन कड्या आहेत, एक खालच्या अंगाला आणि एक वरच्या. खाली बँक होती, वर घर; खालची कडी बँकेची, वरची घराची. दोन्ही निघाल्याशिवाय दार उघडत नाही. मॅनेजर माडीवर राहायचे. सकाळी शिपाई खालची कडी काढून दारावर दोनदा थाप मारायचा, घरमालकीण अक्का वरची काढायच्या, मग साहेब पायऱ्या उतरून कामावर जायचे. संध्याकाळी कॅश मिटली की हेच सगळं उलट्या क्रमानं व्हायचं.

बँकेच्या तिजोरीच्या दोन चाव्या दोन माणसांकडं असतात, एकट्याला ती उघडता येत नाही. तोच नियम घराच्या जिन्याला लागू झालेला मी दुसरीकडं कुठं पाहिला नाही. जुन्या भाडेकराराच्या प्रतीतही अट होती की उभयतांनी आपापली कडी लावावी. पण मला या इमारतीवर बोलावलं होतं ते दार बघायला नव्हे. इमारत पाडायची की ठेवायची, यावर एक अहवाल हवा होता, आणि तो लवकर हवा होता, कारण नगरपरिषदेची नोटीस येऊन पडली होती.

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या शिवेजवळचं हे तालुक्याचं गाव. घरच्यांच्या इच्छेमुळं गावाचं, घराण्याचं आणि बँकेचंही नाव इथं देत नाही. गावात या इमारतीला ‘बँक’च म्हणतात. शाखा उठून काही वर्षं झाली, तरी रिक्षावाल्याला ‘जुन्या बँकेपाशी सोड’ म्हटलं की तो इथंच आणतो.

पेढी, मग बँक

इमारतीवर बांधल्याचं साल कुठं कोरलेलं नाही, त्यामुळं इकडून तिकडून पुरावा गोळा करावा लागला. दर्शनी खोलीवरचे लोखंडी गर्डर टाटाचे आहेत. टाटांचं पोलाद 1912 पासून निघू लागलं, म्हणजे त्याआधीचं हे काम नाही. जमिनीला शहाबादी फरशी. मूळ खरेदीखत उर्दूत आहे, कारण निजामाच्या राज्याचा कारभारच उर्दूतून चालायचा, आणि त्यावरचं साल फसली आहे. फसलीत 590 मिळवले की इसवी सनाच्या आसपास येता येतं. त्या हिशोबानं खत 1930 ते 1940 या दशकातलं निघतं. घरात सांगतात ‘दीडशे वर्षांचा वाडा’. मी हे खोडून काढलं तेव्हा अक्कांचे धाकटे पुतणे जरा नाराज झाले. वाडा जितका जुना तितकी त्याची किंमत, असा एक समज आपल्याकडं घट्ट बसलेला आहे.

बांधला तो पेढीसाठीच. पुढं ढेळज, आत ओसरीवर गादी-तक्के, तिच्यामागं माजघर, मग चौक, आड, स्वयंपाकघर, आणि भिंतीच्या पोटात धान्याचं बळद. वर समोरच्या बाजूला दोन खण आणि माजघरावर देवघर. गावचा मोंढा दोनशे पावलांवर. कापूस, ज्वारी, करडी येणार, अडत्याकडं वजन होणार आणि पैसा या ओसरीवर मोजला जाणार, असा सगळा मामला.

त्या काळचा पैसाही दोन जातींचा होता. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार. शंभर कलदाराला 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, म्हणजे सहाला सात असा भाव. बळदात सापडलेल्या मोडी वह्यांमध्ये पानापानावर दोन रकाने आहेत, डावीकडं हाली, उजवीकडं कलदार. सोलापूर-बार्शीच्या व्यापाऱ्याशी व्यवहार असला की उजवा रकाना भरलेला, गावातल्या कुळाशी असला की डावा. सरहद्द नकाशावर शोधायची गरजच नाही, ती वहीच्या मधोमध उभी आहे.

हैदराबाद संस्थानानं स्वतःची बँक काढली ती उशिरा. कायदा 1941 चा, आणि हैदराबाद स्टेट बँकेचं काम सुरू झालं एप्रिल 1942 मध्ये. सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर संस्थान गेलं. 1956 मध्ये ही बँक रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत जाऊन स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली, आणि 1959 च्या कायद्यानं भारतीय स्टेट बँकेची सहयोगी. मराठवाड्यात बँक या शब्दाला आणखीही एक वजन आहे. नांदेडकडच्या उमरीत 30 जानेवारी 1948 ला मुक्तिसंग्रामातल्या तरुणांनी हैदराबाद स्टेट बँकेची शाखा लुटली आणि रक्कम लढ्यासाठी नेली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. उमरीचं नाव निघालं की आमच्या भागातली जुनी माणसं अजून ताठ बसतात. आमच्या गावच्या बँकेत असलं काही घडलं नाही. इथं जे घडलं ते रोजचं होतं, आणि रोजच्या गोष्टीला वारसा म्हणायचं तर लोकांना पटवून द्यावं लागतं.

सावकारी आटत गेली, कुळकायदे आले, आणि घराण्यानं पुढचा भाग बँकेला भाड्यानं दिला. ओसरीवरच्या गाद्या गेल्या, तिथं लाकडी काउंटर आणि लोखंडी जाळी आली. माजघराचं काय झालं ते पुढं सांगते, कारण सगळं प्रकरण तिथंच अडलं होतं.

भाडं

मूळ दुखणं आधी सांगते, कारण असल्या इमारती पावसानं पडतात त्याहून जास्त भाड्यानं पडतात. मराठवाड्याला मुंबई-पुण्याचा भाडेकायदा लागू नव्हता. इथं 1954 चा हैदराबाद घरभाडे नियंत्रण कायदा होता, आणि हैदराबाद राज्य मोडून भाषावार राज्य आल्यावरही तोच चालू राहिला. भाडं जागच्या जागी गोठलेलं. मालकाला डागडुजी परवडत नाही, आणि बँक भाडेकरू म्हणून जेवढी गरज तेवढंच करते. कुणाचीच चूक नाही म्हणा, पण कौलाखालचा वासा कायदा वाचत नाही.

मग 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, मार्च 2000 च्या अखेरीस लागू झाला, आणि त्यात बँकांना दिलेल्या जागा संरक्षणातून वगळल्या. घरच्यांना वाटलं, आता बाजारभावानं भाडं मिळेल आणि इमारतीला बरे दिवस येतील. काही वर्षं तसं झालंही. पण बाजारभाव द्यायचा तर मग पार्किंग, एटीएमला रस्त्यावर तोंड, जनरेटरची सोय असलेली नवी जागा का घेऊ नये, असा विचार भाडेकरूनं करणंही स्वाभाविकच. त्यात एप्रिल 2017 मध्ये हैदराबादसह पाच सहयोगी बँका स्टेट बँकेत विलीन झाल्या, एकेका पेठेत एकाच बँकेच्या दोन-दोन शाखा दिसू लागल्या, आणि मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत शाखांची हलवाहलव झाली. आमची इमारत त्याच सुमाराला रिकामी झाली. काउंटर राहिलं, जाळी राहिली, तिजोरी क्रेननं नेली. माजघर नेता येत नव्हतं.

चार माणसं, चार मतं

मालकीहक्काच्या कागदावर तीन नावं आहेत. थोरले पुतणे पुण्यात असतात. त्यांचं मत सरळ होतं: पाडा, खाली गाळे काढा, वर फ्लॅट. धाकटे गावातच, मोंढ्यात त्यांची अडत आहे. त्यांना वाडा हवा होता, पण ‘असली’. म्हणजे बँकेनं घातलेलं सगळं काँक्रीट आणि लोखंड काढून टाकायचं, गादी-तक्के पुन्हा मांडायचे आणि लग्नकार्याला, फोटोला भाड्यानं द्यायचं. तिसरं नाव अक्कांचं. त्या पुतण्यांच्या काकू, वय ऐंशीच्या पुढं, राहायला वरच. त्यांचं मत एका वाक्यात होतं: “माझं झाल्यावर काय करायचं ते करा.”

चौथं मत कागदावर नसलेल्या माणसाचं. जुन्या वाड्यांची लाकडं विकत घेणारे व्यापारी आमच्याकडं गावोगाव फिरतात. कोरीव खांब, तुळया, चौकटी उचलतात आणि त्या कुठल्यातरी रिसॉर्टच्या गेटवर जाऊन उभ्या राहतात. मी पहिल्यांदा गेले त्या दिवशी असे एक गृहस्थ टेप घेऊन खांब मोजतच होते. माझ्या हातातही टेप होता. अक्कांनी आम्हा दोघांकडं सारख्याच नजरेनं पाहिलं, आणि चहा दोघांनाही दिला.

मी पहिला अहवाल दिला त्यात चूक केली. वास्तूच्या जतनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाला एक सवय लागते. मूळ काय आणि नंतरची भर काय, याची मनातल्या मनात विभागणी होते, आणि भर असेल ती काढून टाकण्याकडं हात आपोआप वळतो. माजघरात बँकेनं स्ट्राँगरूम बांधली होती. भिंती, तळ, छत सगळं सळईकाँक्रीटचं, फूटभर जाड, वाड्याच्या पोटात ठेवलेली पेटीच. मी लिहिलं की ही खोली मूळ वास्तूशी विसंगत आहे, ती काढावी. धाकटे पुतणे खूश झाले. मीही खूश होते.

मग लोणा, म्हणजे भिंतीला फुटलेला खार, बघायला मिस्त्री आले.

भिंतीनं पोट काढलंय

मिस्त्री औशाकडचे, बापजाद्यांपासून दगडाचं काम. त्यांनी माझा अहवाल वगैरे काही विचारला नाही. मागच्या भिंतीला हात लावला, मान तिरकी करून तिच्या रेषेत पाहिलं आणि म्हणाले, “म्याडम, हिनं पोट काढलंय.”

आमच्याकडच्या दगडी भिंती दिसतात दोन-अडीच फुटी भरभक्कम, पण आतून त्या दोन भिंती असतात. बाहेरची तोंडं घडवलेली, आतली ओबडधोबड, आणि मध्ये चिपा आणि माती. या दोन तोंडांना बांधून ठेवणारे आरपार दगड घातले असतील तर भिंत एक राहते. ते नसले, किंवा कामात कुणी वाचवले असले, की आतली माती ओल धरून फुगते आणि तोंड बाहेर सरकतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला जे झालं त्यात हेच होतं. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती, भिंतींची तोंडं सुटली आणि वरचं माळवद खाली आलं. हजारो माणसं गेली. त्यानंतर दगड आणि माळवद या दोन शब्दांचीच आमच्या भागात दहशत बसली, आणि चांगली घरंही लोकांनी हातानं उतरवली. नोटीस काढणाऱ्या अधिकाऱ्याला मी नावं ठेवत नाही. त्याच्या जागी असते तर मीही काढली असती.

माळवद म्हणजे काय, ते बाहेरच्या वाचकासाठी: खांबावर तुळई, तुळईवर दांडे, दांड्यांवर किलच, म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्या, अंथरायची, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात खाली माठासारखा गारवा. अडचण अशी की दर मृगाच्या आधी गळतीवर उपाय म्हणून मातीचा आणखी एक हात दिला जातो, आणि आधीचा कुणी काढत नाही. पिढ्यान्पिढ्या छत वर वाढत जातं. आम्ही देवघरावर खड्डा घेऊन मोजलं तर मातीचा थर दोन फुटांना टेकलेला. ओली माती घनमीटरला पावणेदोन टनांच्या आसपास धरली तरी चौरस मीटरला टनभर बोजा. देवघर चांगलं दहा-बारा चौरस मीटर. म्हणजे अक्का रोज सकाळी दहा-बारा टन मातीखाली बसून पूजा करत होत्या.

आणि हा बोजा उतरत होता कुठं? मिस्त्रींनी माजघराच्या कडेची फळी काढली आणि बॅटरी मारली. देवघराखालचे दोन सागवानी खांब मूळ जागी नव्हतेच. स्ट्राँगरूम बांधताना ते मध्येच कापले होते, आणि वरचे तुकडे तिच्या काँक्रीट छतावर नुसते टेकवलेले होते. खाली एक लोखंडी पट्टी, बस. माझ्या अहवालाप्रमाणं ती खोली काढली असती तर देवघर, माळवद आणि कदाचित अक्काही खाली आल्या असत्या.

मिस्त्री मला काही म्हणाले नाहीत. फक्त बॅटरी त्या तुकड्यांवर जरा जास्त वेळ धरली.

पेटीच्या कडेनं भिंतीत एक उभी चीर होती, वरपर्यंत गेलेली, सिमेंटनं बुजवलेली. अक्कांनी सांगितलं, ती किल्लारीच्या पहाटेची. काँक्रीटची पेटी ताठ, दगड-लाकडाचा वाडा लवचीक. धरणी हलली तेव्हा दोघं आपापल्या चालीनं हलले आणि सांधा फाटला. पण पडलं काही नाही. पेटीनं वाड्याला दुखावलं आणि पेटीनंच देवघर तोलून धरलं, दोन्ही खरं.

पाटल्या

मोजमापाच्या दिवसांत ढेळजेचं दार उघडं असायचं, आणि दुपारच्या वेळी बायका डोकवायच्या. वयस्क, बहुतेक एकट्या. एक जण आत आली, जाळीपाशी उभी राहिली आणि माजघराच्या लोखंडी दाराकडं बोट करून म्हणाली, “हितं माझ्या पाटल्या होत्या की वो.”

सोनेतारण. पेरणीला, पोराच्या फीला, दवाखान्याला. सावकाराच्या काळात दागिना गहाण पडला की तो परत येईल याचा भरवसा नसायचा, आणि बाईमाणूस पेढीच्या ओसरीवर चढत नसे, पुरुष चढायचे. बँक आली तरी पहिली काही वर्षं संकोच तसाच होता. तेव्हा अक्कांनी एक वाट काढली. बायका परसदारानं घरात यायच्या, चौकात बसायच्या, चहा व्हायचा, आणि मग अक्का त्यांना जिन्यापाशी आणून त्या दोन कड्यांच्या दारातून थेट मॅनेजरच्या टेबलापाशी उतरवायच्या. रस्त्यावरच्या माणसाला कळायचंही नाही की अमुकची सून बँकेत गेली होती. बँकेच्या नियमात हे कुठं बसत होतं, देव जाणे. बहुधा बसत नव्हतं. पण मॅनेजर वरच राहायचे आणि अक्कांच्या हातचं खायचे.

बदली होऊन येणारे मॅनेजर पुष्कळदा तेलुगू असायचे. त्यांच्या घरचा गोंगुरा आणि आमची अंबाडी ही एकच भाजी आहे हे अक्कांना पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि पुढची सगळी मैत्री अंबाडीवरून झाली. धोक्याच्या घंटेची एक तार अक्कांच्या स्वयंपाकघरात नेलेली होती. बँक बंद असताना घंटा वाजली तर चौकीला सांगायचं, एवढं काम. ती कधी वाजली नाही. घंटा अजून फोडणीच्या डब्याच्या वर आहे, तेलकट.

दुसरा अहवाल लिहिताना माझं म्हणणं बदललं होतं. इथं जपायचं ते काय? वाडा म्हणाल तर याच्याहून देखणे वाडे औशाला, उदगीरला आहेत. बँकेची खोली म्हणाल तर ती कुठंही सारखीच असते. या इमारतीत दुसरीकडं नाही ते एकच आहे, पेढी, बँक आणि घर यांचा सांधा. कापलेले खांब, ती चीर, तो जिना. धाकट्या पुतण्यांचा ‘असली वाडा’ करायचा तर नेमका हाच सांधा पुसावा लागला असता, आणि थोरल्यांचे गाळे काढायचे तरीही. दोघांचं भांडण होतं, पण पुसायला दोघांनाही तीच जागा हवी होती.

कायद्याचा आधार, जेवढा आहे तेवढा

केंद्राच्या 1958 च्या कायद्याखाली येण्यासाठी वास्तू किमान शंभर वर्षांची लागते, म्हणजे तो रस्ता बंद. राज्यात डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत वारसा इमारतींची तरतूद आहे, पण त्यासाठी आधी स्थानिक यादी लागते. आमच्या गावात यादी नव्हती. लहान नगरपरिषदांकडून ती अपेक्षा करणंही जरा जास्तच आहे. पाणीपुरवठा सांभाळताना त्यांची दमछाक होते. म्हणून आम्ही यादीच्या मागं लागलो नाही. नोटिशीला उत्तर म्हणून दुरुस्तीचा आराखडा, स्थैर्याचा दाखला आणि कामाचा क्रम दिला, आणि पावसाळ्यापुरता मागचा भाग रिकामा ठेवण्याचं लिहून दिलं. तेवढ्यावर मुदत मिळाली.

मोडी वह्यांचीही एक मदत झाली, अनपेक्षित. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मराठवाड्यात मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम मान आला. रद्दीत जाणारी दप्तरं लोक खाली उतरवून बघू लागले. खासगी पेढीच्या वहीला सरकारी नोंदीचं वजन नाही, तरी ‘यांच्याकडं जुने कागद आहेत’ ही बातमी गावात फिरली आणि इमारतीकडं बघायची नजर थोडी बदलली. थोरल्या पुतण्यांना पुण्यात नातेवाइकांचे फोन यायला लागले. पाडण्याची गोष्ट त्यांनी त्यानंतर पुन्हा काढली नाही. कारण तेच असेल असं नाही, त्यांच्या बिल्डरचीही अडचण होती असं ऐकते.

काम

क्रम महत्त्वाचा होता. सगळ्यात आधी बोजा कमी. माळवदाची माती टोपल्या-टोपल्यानं, दोन्ही बाजूंनी सारखी उतरवली, कारण एकाच बाजूनं काढली तर तुळया फिरतात. कुजलेली किलच बदलली, दांडे निम्म्याहून जास्त जुनेच चालले. वर पुन्हा माती घातली ती वीतभरच, आणि तिच्यावर चुन्याचा पातळ कोबा, उतार चौकाकडं. वजन तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास आलं. अक्कांची तक्रार आली की आता देवघरात दुपारी ऊन जाणवतं. बरोबर आहे, जाड मातीचा गारवा गेला. त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

मग पोट काढलेली भिंत. ती पुरती उतरवून बांधणं सगळ्यात चांगलं, पण तेवढा पैसा नव्हता. फुगलेला भाग तेवढा उतरवला, राहिलेल्या भिंतीत ठरावीक अंतरानं आरपार भोकं घेऊन सळई आणि काँक्रीटचे बांध घातले, ही किल्लारीनंतर रुजलेली पद्धत. माथ्यावरून चारही बाजूंनी लोखंडी पट्टा. खांब-तुळईच्या सांध्यांत तिरके टेकू. कापलेल्या खांबांच्या तुकड्यांना लोखंडी बूट करून ते स्ट्राँगरूमच्या छताला बोल्टनं पक्के केले. आता हलले तर एकत्र हलतील. बूट झाकू नका, असं मी आराखड्यावर लिहिलं होतं. मिस्त्रींनी त्यांना काळा रंग मारून ते जास्तच उठून दिसतील असं केलं.

भिंतीच्या लोण्याचं निदान तर सोपं होतं. हॉलच्या भिंतींना छातीपर्यंत सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट, हिरवा. दगड-चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, हा तिचा श्वास. सिमेंटनं तोंड दाबलं की ओल वर चढते आणि रंगाची हद्द संपते तिथं पांढरा खार बाहेर पडतो. गिलावा काढला, भिंत एक उन्हाळा उघडी ठेवली, मग चुना. चुना भिजवून महिनाभर मुरवला होता. त्यात बेलफळाचं आणि गुळाचं पाणी घातलं. गुळाला मुंगळे लागले आणि चार दिवस सगळ्यांच्या पायांना चावे. हिरव्या ऑइलपेंटचा हातभर चौकोन मी एका कोपऱ्यात मुद्दाम ठेवलाय. पाहुण्यांना वाटतं काम राहून गेलं.

काउंटर जागेवरच आहे. त्याच्या फळीला पैसे देण्या-घेण्याच्या फटीसमोर एक खळगा पडलाय, बशीएवढा, हातांनी आणि नाण्यांनी. सुतार तो रंधून सपाट करणार होता. अक्कांनी वरून हाक मारली, “राहू दे की रं.” हा सगळ्या कामातला एकमेव निर्णय ज्यावर चर्चा झाली नाही.

खाली आता अभ्यासिका चालते. स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी सकाळी सहापासून येतात. लग्नाच्या हॉलपेक्षा उत्पन्न कमी, पण बाराही महिने. स्ट्राँगरूममध्ये मोबाईलला रेंज येत नाही म्हणून तिथल्या खुर्चीला सगळ्यात जास्त मागणी. पहिल्या महिन्यात तिथं इतकी दाटी झाली की एका मुलीला घुसमटल्यासारखं झालं. तिजोरीच्या खोलीला वारा लागत नाही, ही गोष्ट मी आधी धरायला हवी होती. लोखंडी दार आता उघड्या स्थितीत वेल्ड केलं आहे, झरोक्यात पंखा बसवला, आणि आत चारच खुर्च्या. जिन्याच्या दाराची वरची कडी अक्का रात्री लावतात. खालची लावायचं काम रात्री शेवटी जाणाऱ्या मुलाचं, आणि तो पुष्कळदा विसरतो.

मागच्या भिंतीचा न उतरवलेला भाग अजून माझ्या डोक्यात आहे. तिथं चिरेवर आडव्या तीन काचपट्ट्या प्लास्टरनं चिकटवल्या आहेत. भिंत सरकली तर काच तडकते, इतकी साधी युक्ती. यंदाच्या पावसाळ्यानंतर जाऊन पाहिलं. वरच्या दोन धड होत्या. खालची, आडाच्या बाजूची, मधोमध तडकलेली होती. आडाचं पाणी भिंतीच्या पायात मुरतंय की काय ते बघायला पाया उकरावा लागेल, काळ्या मातीखाली मुरूम लागेपर्यंत. मिस्त्रींना दिवाळीनंतरचा वेळ विचारलाय.